सासूबाईंचा पाय

जुनी गाणी रीमिक्सला कशी निवडता, हा प्रश्न डीजे लोकांना कधी विचारू नये. विचारला की ते डोळे मिटतात. मग छातीवर हात ठेवून म्हणतात, "मी गाणं निवडत नाही, गाणं मला निवडतं." प्रत्यक्षात मागच्या महिन्यात दुसऱ्या कुणीतरी त्याच गायिकेचं एक गाणं वाजवून टाळ्या घेतलेल्या असतात आणि याने तिचंच दुसरं उचललेलं असतं. कुणी तबकडीच्या वेष्टणावरची बाई बघून गाणं घेतो. कुणी आधी भाच्याला विचारतो आणि मग भाच्याचं मत स्वतःचं म्हणून खपवतो. बहुतेकांना गाण्याशी काही देणंघेणंच नसतं. गाणारी मध्ये कुठे श्वास घ्यायला थांबलीय एवढंच त्यांना हवं असतं, कारण त्या फटीत आपला ढणढणाट कोंबता येतो. समोरच्याने गाण्यात जीव ओतलेला असो, यांना फट तेवढी दिसते.

या मंडळींत सोनकानचा दबदबा मोठा. हे नाव त्याला एका रेडिओवाल्याने कौतुकाने दिलं आणि त्याने ते लगेच टी-शर्टवर छापून घेतलं. खरं नाव तेवढं विजेच्या बिलावर उरलं. बाकीचे डीजे धूळ खात पडलेल्या तबकड्यांचे गठ्ठे उपसत, नाक शिंकरत गाणी चाळत, आणि निवडलेलं एकही धड चालत नसे. सोनकानने हात लावला की गाणं चाललंच म्हणून समजा. लोक त्याला गुपित विचारत. तो सांगे, "प्रत्येक गाण्याला कंबर असते. ती सापडली की झालं." ऐकणारे माना डोलावत. कंबर नेमकी कुठे असते हे कुणी विचारत नसे, कारण विचारणाऱ्याला ती सापडलेली नाही हे उघडं पडलं असतं.

खरी गोष्ट अशी की सोनकानला कान होते ते गॉगल अडकवण्यापुरते. वर्षानुवर्षं स्पीकरच्या तोंडाशी उभं राहून त्याच्या डोक्यात कायमची एक शिट्टी बसली होती आणि त्या शिट्टीतून त्याला सगळी गाणी एकसारखीच लागत. चांगलं कुठलं, वाईट कुठलं, याचा त्याला पत्ता नसे. त्याचा सोन्याचा कान म्हणजे त्याच्या सासूबाईंचा डावा पाय होता.

झालं होतं असं. त्याचं घर लहान. स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल होतं, आणि नवा फ्रिज आत जाईना म्हणून मधलं दार काढून ठेवलेलं होतं, ते परत बसवायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. सासरे गेल्यावर सासूबाई लेकीकडे राहायला आल्या. त्या दिवसभर जेवणाच्या टेबलाशी बसून मटार सोलत, कांदे चिरत, वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचत. सोनकानच्या खुर्चीवरून त्यांचा चेहरा दिसत नसे, फ्रिज आड येई. दिसत ते टेबलाखालचे पाय आणि पायांतल्या तपकिरी रबरी चपला. एकदा गाणं लावलेलं असताना पेन पडलं म्हणून तो वाकला, तर डावी चप्पल हलत होती. टाच जमिनीला टेकलेली, आणि पंजा वर जाऊन खाली आपटत होता, चांगला जोरात. दर रविवारी तो ज्या नाचाच्या हॉलवर गाणी लावायचा, तिथे त्या आठवड्यात त्याने तेच गाणं वाजवलं. लोक असे नाचले की एकाचा चष्मा फुटला, तरी तो नाचायचा थांबला नाही.

त्या दिवसापासून सोनकानचं काम सोपं झालं. तुकडे कापायचे, जोडायचे, मोठ्याने लावायचं आणि फ्रिजच्या बाजूने खाली बघायचं. पंजा हलला की गाणं ठेवायचं. नाही हलला की 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. त्याने हे बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ज्या बाईला आपण मनातून मठ्ठ समजतो तिच्या चपलेवर आपलं नाव चाललंय, हे कबूल करणं त्याच्या जिवावर येई. उपकार घ्यायचे आणि घेतल्याचं कळूच द्यायचं नाही, ही विद्या त्याला चांगली साधली होती.

सासूबाईही काही त्याला ओवाळून टाकत नव्हत्या. तोंडावर त्या त्याला 'जावईबापू' म्हणत आणि लेकीशी बोलताना 'भोंगा'. "भोंगा उठला का?" "भोंग्याला चहा दे, नाहीतर पुन्हा सुरू होईल." बाहेर सोनकान आणि घरात भोंगा, असा त्याचा संसार होता.

एकदाच भलतं काहीतरी झालं. कुणा विसरलेल्या गायिकेचं एक संथ गाणं त्याच्या हाती लागलं होतं. बाई शब्द असे टाकत होती की पुढचा शब्द येतोय की नाही अशी शंका यावी. सोनकानने कापाकापीच्या आधी ते एकदा लावून पाहिलं. पंजा हलला नाही. उलट सुरीचा आवाज थांबला. आणि थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. गॅसवर दूध उतू जाऊन शेगडी माखली होती, आणि सासूबाई तिच्यापासून हातभर अंतरावर बसून होत्या. आयुष्यात त्यांनी कधी दूध उतू जाऊ दिलं नव्हतं. बायको घर पुसत बसली, सोनकान वासाने वैतागला, आणि गाणं कचऱ्यात गेलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण बोलायला माइक मिळाला की सोनकानचा पाय जमिनीवर राहत नसे. रेडिओवर त्याची मुलाखत झाली. कंबर वगैरे सांगून झाल्यावर मुलाखतवालीने विचारलं, "नवीन गाणं घरी आधी कुणाला ऐकवता?" सोनकान हसला. म्हणाला, "घरी? घरी माझ्या सासूबाई असतात. त्यांना दारावरची बेल आणि गाणं यांतला फरक सांगून सांगून मी थकलो." मुलाखतवाली खिदळली. स्वयंपाकघरात रेडिओ लागलेला होता. सासूबाईंनी मुलाखत पूर्ण ऐकली, हात धुतले, बॅग भरली आणि धाकट्या लेकीकडे निघून गेल्या. जाताना तपकिरी चपला पिशवीत घालायला विसरल्या नाहीत.

"आई रागावून गेली," बायको म्हणाली.

"जाऊ दे. चार दिवसांनी येतील. तिकडे कोण त्यांना विचारतंय?"

"तुला लाज नाही वाटत?"

"विनोद होता तो. विनोद कळायलाही कान लागतो."

चार दिवस गेले, सासूबाई आल्या नाहीत, आणि सोनकानच्या लक्षात आलं की आपण आंधळे झालो आहोत. फ्रिजच्या बाजूने खाली बघावं तर टेबलाचे पाय. त्याने बायकोला बसवून गाणी ऐकवली. ती प्रत्येकाला "छान आहे" म्हणाली, मध्येच एकदा चुकून स्पीकरच्या चाचणीचा आवाज लागला त्यालाही "छान आहे" म्हणाली. समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांना बोलावलं, तर ते पहिल्याच कडव्याला स्वतःच्या कॉलेजच्या आठवणी सांगू लागले. शेवटी त्याने स्वतःच निवडायचं ठरवलं. कंबर बिंबर आठवून, डोळे मिटून, छातीवर हात ठेवून त्याने एक गाणं निवडलं, आणि रविवारी संध्याकाळी हॉलवर लावलं. लोकांनी थोडा वेळ सभ्यपणाने खांदे हलवले. मग एकेकाला तहान लागली, एकेकाला फोन आला, आणि नाचायची जागा अशी रिकामी झाली की फरशीची डिझाइन दिसायला लागली.

तो हॉल एका फर्निचरच्या दुकानाच्या माडीवर होता आणि दोन्हींचा मालक एकच. हा गृहस्थ गाणी ऐकायला कधी वर येत नसे. रविवारी तो खाली कपाटांच्या मध्ये खुर्ची टाकून बसे. वर नाच रंगला की खाली कपाटांच्या काचा थरथरत, आणि काचा थरथरल्या की त्याला संगीत आवडे. सोनकानला या माणसाची मनापासून कीव येई. काचा ऐकून गाण्याची पारख करतो म्हणे! आपण काय बघून करतो हे त्या वेळी त्याला आठवत नसे.

त्या रविवारी काचा गप्प होत्या. मालक जिना चढून वर आला. त्याच्या मागे त्याचा भाचा होता. हा भाचा हेडफोन गळ्यात घालूनच जन्माला आला असावा, कानाला लावलेला कुणी पाहिला नव्हता.

"पुढचा रविवार देतो," मालक म्हणाला. "काचा वाजल्या तर ठीक. नाहीतर हा आहेच घरचा."

भाचा नम्रपणे हसला. त्याच्याकडे गाणी नव्हती, फोन होता. पण हॉल गेला तर सोनकानचं काय उरणार होतं? रेडिओवाले हॉलमुळे बोलवत, बाकीची कामं हॉलमुळे मिळत, टी-शर्टवरचं नावही हॉलमुळेच शोभत होतं. बाकी होती ती डोक्यातली शिट्टी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो मेहुणीच्या दारात उभा राहिला. बायको हरखली होती, नवरा सुधारला म्हणून. नवरा लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन गेला होता. सासूबाई यायला तयार झाल्या नाहीत तर तिथल्या तिथे पाय बघून घ्यावा असा त्याचा बेत होता.

दार साडूने उघडलं. हा टायरच्या दुकानात मॅनेजर होता आणि बोलायचाही हवा भरल्यासारखा. "या या, कलाकार! आज आमच्या गरिबाघरी?" असं म्हणत तो कामाला निघून गेला. आत सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या. सोनकानने आधी फरशीकडे बघितलं. त्या दोन्ही पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि पायांवर शाल होती.

"कशा आहात, आई?"

"बेल वाजली तेव्हा मला वाटलं गाणंच लागलं," सासूबाई म्हणाल्या.

त्याने हसून घेतलं. टीपॉयवर स्पीकर मांडला, वायरी जोडल्या. मेहुणी स्वयंपाकघरातून डोकावली. "भाऊजी, आईला न्यायला आलात की इथे पार्टी करायला?"

"थोडं काम राहिलंय, इथेच उरकतो. तेवढाच आईंचा सहवास."

हा सहवासाचा शब्द त्याच्या तोंडून निघालेला ऐकून मेहुणीच्या हातातला चमचा पडला. सोनकानने पहिलं गाणं लावलं. शाल हलली नाही. शालीखाली काय चाललंय कळायला मार्ग नव्हता.

"आई, पाय खाली सोडून बसा ना. मोकळं वाटेल."

"मला असंच मोकळं वाटतंय."

"मुंग्या येतील पायाला."

"आल्या तर मी आणि मुंग्या बघून घेऊ."

त्याने दुसरं गाणं लावलं, पेन खाली टाकलं आणि ते शोधायला गुडघ्यांवर जाऊन टीपॉयखाली शिरला. तिथून शालीचं टोक दिसत होतं, आणि टोकाच्या पलीकडे अंधार. त्याने मान आणखी वाकडी केली.

"जावईबापू," वरून आवाज आला, "माझ्या पायाशी काय काम आहे तुमचं?"

"पाया पडायला आले असतील," मेहुणी म्हणाली.

सोनकान टीपॉयखाली तसाच राहिला. रविवार डोळ्यांपुढे होता, भाचा होता, मालकाच्या काचा होत्या. त्याने सांगून टाकलं. पश्चात्ताप वगैरे काही झाला नव्हता, घाबरला होता एवढंच. पेन पडल्यापासूनचं सगळं सांगितलं, फ्रिज, तपकिरी चप्पल, कोणकोणती गाणी गाजली, सगळी कशी त्यांच्याच पायाने पास केली. सांगता सांगता तो टीपॉयखालून बाहेर आला. त्याची अपेक्षा होती की म्हातारी आता फुलून जाईल. कौतुकाला कोण भुलत नाही? तो तर रोज भुलायचा.

सासूबाईंनी शाल बाजूला केली, डावा पाय खाली सोडला आणि त्या पायाकडे असं बघितलं जसं एखाद्या नोकराचा चोरून चाललेला धंदा उघडकीला यावा.

"हा?"

"हो. डावाच."

"आणि हा हलला की गाणं चालतं?"

"चालतंच."

त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मेहुणीने पाणी आणून दिलं.

"मी काय काम करत होते ठाऊक आहे ना तुम्हाला?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

सोनकानला ठाऊक होतं असं त्याला वाटत होतं. "हॉस्पिटलात..."

"हॉस्पिटलात चौकशीच्या खिडकीत. निवृत्त होईपर्यंत. समोरचा माणूस एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगतो, आणि आपण हसून ऐकायचं. वैतागलेलं दिसायचं नाही, साहेब बघत असतो. तोंड खिडकीत असतं, ते सगळ्यांना दिसतं. पाय खाली असतो. वरचं तोंड नोकरीचं, खालचा पाय माझा. माणूस नकोसा झाला की हा सुरू व्हायचा. कधी टळतोय हा, कधी टळतोय हा. सवय लागली ती लागली."

सोनकानला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो सोफ्याच्या कडेवर बसला.

"म्हणजे गाणी..."

"तोच तुकडा परत, तोच तुकडा परत. त्या बायांना धड वाक्य पुरं करू देत नाही तुम्ही. बंद करा म्हणावं तर घर तुमचं, धंदा तुमचा. मग हा हलतो." मग खरोखरच्या कुतूहलाने त्यांनी विचारलं, "आणि लोक त्याच्यावर नाचतात?"

"वेडे होतात."

"अरे देवा," सासूबाई म्हणाल्या. लोकांबद्दल त्यांना यापेक्षा जास्त काही म्हणायचं नव्हतं.

सोनकानला अपमान वाटत होता आणि अपमान नेमका कुणी केला ते सापडत नव्हतं. त्याने जन्माला घातलेलं प्रत्येक गाजलेलं गाणं एका बाईला असह्य झालेलं गाणं होतं. मग त्याला ते दूध आठवलं.

"ते दूध उतू गेलं होतं तेव्हा," तो म्हणाला, "तेव्हा पाय हलत नव्हता."

"तेव्हा मला दूध दिसलं नाही, पाय कुठे आहे ते काय कळणार?" सासूबाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "काय केलंत त्या गाण्याचं?"

"ठेवलंय जपून," तो म्हणाला. कचऱ्याचं नाव त्याने काढलं नाही.

सासूबाईंनी शालीची घडी घातली. "येते मी घरी. तुमची माफीबिफी नको, ती तुम्ही रेडिओवर विनोदात घालाल. एक करा. रविवारी ते गाणं लावा. अख्खं. त्या बाईच्या तोंडात ढोल न कोंबता. मी येते ऐकायला. माझ्या पायावर एवढे लोक नाचवलेत, एकदा मला हवं ते ऐकवा."

"लावतो," सोनकान म्हणाला. "शब्द देतो."

हे म्हणताना तो खोटं बोलत नव्हता, एवढं मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. घरी आल्यावर त्याने गाणं कचऱ्यातून काढलं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये हात न लावता अख्खं गाणं ऐकायची त्याची कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ. बाई शब्द टाकत होती, थांबत होती, आणि त्या थांबण्यात काही कोंबावं असं त्याला वाटलं नाही. डोक्यातली शिट्टी होती, पण ती जरा लांब जाऊन उभी राहिल्यासारखी झाली. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

मग तो पुन्हा सोनकान झाला. हाताशी असलेली बरी म्हणून त्याने त्याच गाण्याची ढणढणाटवाली प्रतही करून ठेवली, नुसतं बटण दाबलं की पहिलीतून दुसरीत जाईल अशी. सासूबाईंना कळू नये म्हणून एकच तुकडा बारीक आवाजात लावून बघितला. फ्रिजच्या बाजूने खाली पाहिलं. तपकिरी चप्पल फरशीवर दणादण आपटत होती. इतकी जोरात ती कधीच आपटली नव्हती.

रविवारी हॉल भरला. सोनकान पडतोय की तरतोय हे बघायला बाकीचे डीजेही आले होते, आणि तो पडावा अशी इच्छा प्रत्येकाच्या तोंडावर शुभेच्छांच्या रूपात होती. नाचणारे नेहमीचेच. एक जण अंगावरचं पाणी झटकल्यासारखा नाचायचा. एक जोडपं एकमेकांकडे न बघता भिंतीवरच्या आरशात बघत नाचायचं. भिंतीशी खुर्च्यांवर सासूबाई आणि बायको बसल्या होत्या. सासूबाईंच्या हातात सरबताचा ग्लास होता. खाली मालक कपाटांच्या मध्ये बसला होता, आणि भाचा टेबलाच्या इतक्या जवळ उभा होता की त्याच्या अत्तराने सोनकानला शिंक येत होती.

सोनकानने ते गाणं लावलं. अख्खं, जसं होतं तसं.

पहिल्या ओळीला लोक घोटाळले. पाणी झटकणारा एक हात वर करून थांबला आणि हात खाली घ्यायला विसरला. आरशातलं जोडपं आरशात बघायचं थांबलं. एकीच्या सँडलचा पट्टा तुटला होता, ती सँडल हातात घेऊन तशीच उभी राहिली. कुणाला तहान लागली नाही, कुणाला फोन आला नाही. बाई एक शब्द टाकून थांबली, आणि सगळा हॉल पुढच्या शब्दासाठी तिच्याबरोबर थांबला.

बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की कार्यक्रम फसला. सोनकानला तसं वाटलं नाही, आणि हाच त्याचा खरा गुन्हा. त्याला बरोबर कळलं. हे दूध उतू जाताना बसलेल्या माणसांसारखं बसणं होतं, फक्त उभ्याने. त्याने सासूबाईंकडे बघितलं. त्यांच्या हातातला ग्लास कलला होता आणि सरबत त्यांच्या मांडीवर, मांडीवरून फरशीवर ठिबकत होतं. त्यांना पत्ता नव्हता. पाय एकमेकांशेजारी शांत होते.

खाली काचा गप्प झाल्या होत्या. जिन्यावर धावती पावलं वाजली आणि मालक धापा टाकत वर आला. "काय बंद पडलं?" त्याने सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं. भाच्याने गळ्यातला हेडफोन, आयुष्यात पहिल्यांदाच, कानाला लावला आणि टेबलाकडे एक पाऊल टाकलं.

गाणं अर्ध्यावर होतं. सोनकानचं बोट बटणावर होतं. त्याने भाच्याकडे बघितलं, मालकाकडे बघितलं, टी-शर्टवरच्या स्वतःच्या नावाकडे बघितलं. बाई श्वास घ्यायला थांबली.

त्याने बटण दाबलं.

ढणढणाट असा कोसळला की हॉलने सुटकेचा आरडाओरडा केला. कुणीतरी वेळेवर येऊन वाचवल्यासारखे लोक नाचायला लागले. पाणी झटकणारा झटकायला लागला, सँडलवालीने दुसरी सँडलही फेकून दिली. मालकाने फरशीला कान लावल्यासारखं करून अंगठा वर केला आणि समाधानाने आपल्या काचा ऐकायला खाली गेला. भाच्याचा हेडफोन परत गळ्यात आला. बाकीचे डीजे एकमेकांच्या कानात म्हणाले, बघ, कंबर बरोबर शोधली. बाईचा एकच शब्द आता पुन्हा पुन्हा येत होता आणि पुरा होत नव्हता.

सोनकानने भिंतीकडे बघायचं टाळलं, आणि मग बघितलं. सासूबाईंनी रुमालाने मांडीवरचं सरबत पुसलं, ग्लास खाली ठेवला आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या, उठून गेल्या असत्या, तर त्याला सोसलं असतं. त्या हसल्या. छान, नम्र, लक्ष देऊन ऐकल्यासारखं. ते हसू त्याने त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं, तरी त्याला ते ओळखू आलं. ते खिडकीतलं हसू होतं. खुर्चीखाली त्यांचा डावा पाय सुरू झाला होता.

इतकी वर्षं ज्या हलण्याची त्याने वाट पाहिली ते समोर होतं, सगळ्या हॉलला दिसेल असं. सोनकानने गर्दीसाठी एक हात हवेत उंचावला आणि दात दाखवले. गर्दीने त्याला हात केले.

तेवढ्यात टेबलाला हिसके बसताहेत असं त्याला वाटलं. काहीतरी खाली फळीवर एकसारखं आपटत होतं, गाण्याच्या ठेक्याशी न जुळणारं. वायर सैल होऊन लोंबतेय की काय म्हणून, वरचा हात तसाच हवेत ठेवून, तो वाकला. वायरी जागच्या जागी होत्या. आपटत होता तो त्याचाच डावा बूट, आणि गाणं संपायला अजून बराच वेळ होता.